हायडेलबर्गचा निरोप

हायडेलबर्ग हे गाव जगात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, तिथला पडका किल्ला. आणि दुसरी, तिथून निघून जाणारा विद्यार्थी. किल्ला कुणीही दाखवील. नेकार नदीच्या काठाशी आलात, की डोंगराच्या कुशीत तांबड्या दगडांचा तो किल्ला दिसतोच. निघून जाणारा विद्यार्थी मात्र प्रथम नाटकात भेटतो. १९०१ साली विल्हेल्म मायर-फर्स्टर याचे 'आल्ट हायडेलबर्ग' हे नाटक रंगभूमीवर आले. एका लहानशा संस्थानचा युवराज शिकायला या गावी येतो, खाणावळीतल्या काथीवर त्याचा जीव जडतो, आणि सत्र पुरते सरते न सरते तोच राजवाड्यातून बोलावणे येते. एवढीच गोष्ट. पण तिने जर्मनीला डोळे पुसायला लावले, १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये तिची संगीतिका झाली, आणि १९२७ साली एर्न्स्ट लुबिचने तिच्यावर मूकपट काढला. आपल्या संगीत नाटकात ही काथी असती, तर निरोपाच्या प्रवेशात तिला निदान तीन पदे मिळाली असती.

आमच्या घरातून हायडेलबर्गला गेली ती माझी भाची. पुण्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकणारी, आणि अदलाबदलीच्या योजनेतून एका सत्रापुरती तिकडे पाठवलेली. तिथल्या उन्हाळी सत्राची व्याख्याने एप्रिलच्या मध्याला सुरू होतात नि जुलैअखेर संपतात. २०२३ सालच्या जुलैत तिचे शेवटचे तीन आठवडे उरले असताना, कॉलेजातली साठवलेली रजा काढून मी तिच्याकडे जाऊन राहिले. हौस होतीच, पण त्यामागे बहिणीचा हुकूमही होता. "पोरगी परत येते म्हणतेय," ती मला म्हणाली, "पण आवाज काही वेगळाच ऐकू येतोय. तू जाऊन बघ."

भाचीचे बिऱ्हाड नॉयनहाइम भागात, नदीच्या उत्तरेला होते. खाली घरमालकीण आजीबाई, वय वर्षे ८४, आणि वरच्या खोलीत ही. आजीबाई निवृत्त शिक्षिका. शाळेत लॅटिन शिकवीत असत. त्यामुळे मी मराठीची प्राध्यापक आहे असे कळताच त्यांनी मला पाहुणी न मानता व्यवसायबंधू मानले, आणि पहिल्याच दिवशी चहाबरोबर व्याकरण पुढे केले.

त्याचे कारण असे. भाची रोज घराबाहेर पडताना जिन्यातून "येते हं!" म्हणून ओरडायची. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, तसे म्हणणे अशुभ, हे तिने आजीबाईंना सांगितले होते. त्यांना ते इतके आवडले, की सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आणायला जाताना त्याही दारातून "येटे!" अशी आरोळी देत. आता त्यांची शंका अशी, की हे रूप वर्तमानकाळाचे आणि क्रिया मात्र अजून व्हायची आहे, हे कसे? मी त्यांना संनिहित भविष्यकाळ समजावून सांगितला. अगदी जवळ आलेली क्रिया आपण वर्तमानकाळाच्या रूपाने बोलतो, असे म्हणाले. त्यांनी ते एका वहीत लिहून घेतले. वर्गात साठ मुलांपुढे हेच सांगताना माझ्या वाट्याला असे भाग्य कधी आलेले नाही.

मी पोचले त्या आठवड्यातच दुसरा शनिवार होता. दर उन्हाळ्यात तीन वेळा किल्ल्यावर रोषणाई होते, त्यातली एक जुलैच्या दुसऱ्या शनिवारी असते. चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ साली आणि पुन्हा १६९३ साली हा किल्ला नि गाव उद्ध्वस्त केले. त्याची ही आठवण. रात्री सगळा किल्ला तांबड्या उजेडात आतून पेटल्यासारखा दिसतो. मग तो विझतो आणि जुन्या पुलावरून दारूकाम उडू लागते. तांबड्या उजेडासाठी जी दारू जाळतात तिला तिकडे 'बंगाली आग' म्हणतात. म्हणजे आपल्या मुलांच्या हातातल्या रंगीत काड्यांचीच ही थोरली बहीण. नदीकाठच्या हिरवळीवर भाचीच्या मैत्रिणी, एक कोरियाची, एक चिलीची, एक तुर्कस्तानची, अशा दाटीवाटीने बसलो होतो. दारूकाम संपल्यावर टाळ्या झाल्या आणि चिलीची मुलगी रडू लागली. ती मंगळवारी जाणार होती.

तिथून पुढे रोजचा दिवस कुणाच्या ना कुणाच्या जाण्याचा. आपल्याकडे वसतिगृह सुटते तेव्हा सगळे एकदम सुटते. एका संध्याकाळी ट्रंका बाहेर पडतात आणि रडारड आटोपते. इथे प्रत्येकाची परीक्षा वेगळी, विमान वेगळे. त्यामुळे निरोप हप्त्याहप्त्याने द्यावे लागतात. जो जाणार असेल त्याच्याकडे आदल्या रात्री सगळ्यांनी जेवायचे. त्याला भाची 'फ्रीज रिकामा करण्याचे जेवण' म्हणे. अर्धी कोबी, चार अंडी, उरलेला भात, तळाशी राहिलेली लोणच्याची बाटली, यांतून जे होईल ते. खरे सांगायचे तर चव बेताचीच असे.

मग वस्तूंची वासलात. त्या गावात नको असलेल्या पण धडक्या वस्तू खोक्यात घालून घरासमोर ठेवतात आणि वर 'देऊन टाकायचे आहे' अशी चिठ्ठी लावतात. जुलैअखेर नॉयनहाइमच्या गल्ल्यांतून चालावे, तर अशी खोकीच खोकी. उशा, छत्र्या, तवे, शब्दकोश. रिकाम्या बाटल्यांवर प्रत्येकी २५ सेंट अनामत असते. ६२ बाटल्या यंत्रात घालून भाचीने साडेपंधरा युरो सोडवले आणि त्यांत आम्हा दोघींचे आइस्क्रीम झाले. सायकल तिने एप्रिलमध्ये एका जाणाऱ्याकडून घेतली होती, ती एका येणाऱ्याला विकली.

कुकर मात्र विकायचा नव्हता. हा साडेतीन लिटरांचा कुकर कुणा मराठी मुलाबरोबर हायडेलबर्गला आला, आणि तेव्हापासून एका भारतीय विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे फुकट जात राहिला. भाची पाचवी. रबर दोनदा बदलले, शिट्टी एकदा. झाकणावर आपल्या रिवाजाप्रमाणे नाव घातलेले आहे: 'सौ.' नि पुढे एका बाईंचे पूर्ण नाव. या बाई कोण, कुठल्या, हे आता कुणालाही ठाऊक नाही. त्यांना तरी कुठे ठाऊक असणार, की त्यांच्या नावाखाली इतकी वर्षे परक्या मुलांचा वरणभात शिजतो आहे! कुकर ऑक्टोबरात येणाऱ्या एका तमिळ मुलीसाठी मैत्रिणीकडे ठेवला. भाचीने तो घासून इतका लख्ख केला, की मला त्याचे वैषम्य वाटले. घरी तिने एक कढई अशी घासलेली नाही.

जर्मन माणसाला निरोपासाठी कागद लागतो. देश सोडणाऱ्याने नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आपले नाव कमी करवून घ्यायचे. तेही घर सोडण्याच्या आधी आठवडाभर ते नंतर दोन आठवडे, एवढ्या मुदतीत. विद्यापीठाच्या पटावरून नाव काढायचे ते वेगळे. १३८६ साली स्थापन झालेले विद्यापीठ. त्याने किती लाख नावे लावली नि काढली असतील! पूर्वी इथे दंगेखोर विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती, ती १९१४ पर्यंत चालू होती. आत डांबलेल्यांनी भिंती नि छत काजळीने, रंगाने, नावांनी भरून टाकले आहे. ते पाहताना भाची म्हणाली, "यांची नावे अजून आहेत बघ. माझे काल कमी केले." तिने हे हसत म्हटले, पण बहिणीला ऐकू आलेला आवाज तो हाच, हे माझ्या ध्यानात आले.

त्या संध्याकाळी आम्ही तत्त्वज्ञांच्या वाटेवर गेलो. नॉयनहाइमच्या वरून, डोंगराच्या कडेकडेने जाणारी ही वाट. समोर नदी, जुना पूल आणि किल्ला. पूल १७८८ सालचा. १९४५ च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या आणि १९४७ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला. वरून पाहताना यातले काही जाणवत नाही. मी भाचीला इक्बालांची गोष्ट सांगितली. १९०७ सालच्या उन्हाळ्यात महंमद इक्बाल जर्मन शिकायला इथे होते. नेकारच्या काठच्या संध्याकाळीवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली. गावाने नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. त्यांना जर्मन शिकवणाऱ्या एमा वेगेनास्ट यांना ते पुढे कितीतरी वर्षे पत्रे लिहीत होते. परत येण्याची इच्छा होती. दोघांची भेट पुन्हा झाली नाही.

"तू मला हे मुद्दाम सांगतेयस," भाची म्हणाली.

मुद्दाम नव्हते, पण मग समतोल राखायचा म्हणून मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. याच विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था निघाली. तिथे ग्युंटर सोन्थायमर होते. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांचा शोध घेत हा जर्मन पंडित महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, त्यांच्या ओव्या मराठीतून ऐकल्या, आणि १९७६ साली त्यांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. १९९२ साली ते वारले, तोवर वर्षानुवर्षे आपल्याकडे येत राहिले. 'येतो' म्हणून जाणारा नि खरोखर येणारा असाही एक मनुष्य या गावात होता.

शेवटच्या दोन दिवसांतला एक खोली तपासण्याचा. आजीबाईंनी चष्मा चढवला, छापील कागद काढला आणि खोलीभर फिरून एकेक गोष्ट नोंदवली. किल्ल्या तीन, खिडक्यांच्या काचा शाबूत, भिंतीला खिळ्याची भोके दोन. स्वयंपाकाच्या ओट्याशी त्या थांबल्या. फोडणी देताना सांडलेल्या हळदीचा डाग होता. 'पिवळा डाग, एक,' असे त्यांनी लिहिले आणि अनामत रकमेतून वीस युरो कापले. तीन महिने जिला नातीसारखी वागवली, जिच्या तापात रात्री उठून लिंबाचे गरम पाणी दिले, तिचे वीस युरो! मला ते फार लागले. मी मराठीतून पुटपुटलेही. भाचीने मला जिन्यात गाठले. "मावशी, त्यांनी कापले नसते ना, तर मी पाहुणी ठरले असते. मी भाडेकरू होते. इथली होते." तिचे म्हणणे मला समजले. पटले मात्र अजूनही पुरते नाही. हळदीचा डाग उन्हात आपोआप जातो, हे मी आजीबाईंना सांगितले. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

रात्री सामानाचे वजन. मर्यादा २३ किलोंची, आणि न्हाणीघरातल्या काट्यावर दर वेळी चोवीसच्या वर भरे. आधी बूट गेले, मग दोन पुस्तके. आजीबाईंनी बागेतल्या तांबड्या आंबट फळांचा मुरंबा केला होता. करवंदांची आठवण यावी असा. ती काचेची बरणी सोबतच्या पिशवीत नेता येत नव्हती, तेव्हा ती पेटीतच जायला हवी होती. भाचीने जाड कोट काढून खोक्यात टाकला नि बरणी ठेवली. आजीबाईंनी ते पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने वही उघडून मला विचारले, "तुमचा तो संनिहित भविष्यकाळ. संनिहित म्हणजे नेमका किती जवळचा? मला ८५ वे लागेल."

मी व्याकरणातले काहीतरी सांगू लागले. भाची पेटीचे पट्टे आवळत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळी मी तिच्या हातावर दही घातले. स्वच्छ चमचा असताना हे हातावर का, असे आजीबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मग दारात भाचीने वाकून नमस्कार केला. तिचे काही खाली पडले असे वाटून आजीबाईही वाकल्या, आणि दोघींची डोकी चांगलीच आपटली. त्या हसण्यातच भाचीने "येते" म्हटले. आजीबाई जर्मनमधून म्हणाल्या, "माख्स गूट." नीट राहा, असा त्याचा अर्थ. फाटकापर्यंत येणे, हात हलवत उभे राहणे, असे काही नाही. दार लागले. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

हायडेलबर्गहून फ्रँकफर्टचा विमानतळ आगगाडीने तासाभराच्या आसपास; मध्ये मानहाइमला गाडी बदलावी लागते. मानहाइमपर्यंत पोरगी खिडकीबाहेर पाहत होती. दुसऱ्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "मावशी, इथल्या एम्.एस्सी.चा अर्ज करायचा म्हटले तर जर्मनची वरची परीक्षा द्यावी लागते. पुण्यात तिचे वर्ग असतात ना?"

असतात, मी म्हटले.

विमानतळावर बहिणीचा फोन आला. कशी आहे पोरगी, काय म्हणते, रडली का, असे सगळे तिने एका दमात विचारले. भाची शेजारीच उभी होती, पेटीच्या पट्ट्यांशी चाळा करीत. मी बहिणीला सांगितले, वजन बरोबर तेवीस किलो भरले.