शेवाळ आणि हलका हात

मांजरीच्या आमच्या घरात पूर्वेच्या खिडकीपाशी माशांची पेटी आहे. पक्षाघातानंतर वडिलांची सकाळ तिच्यासमोरच सरते. खिडकीतल्या उन्हाने पेटीच्या भिंतींवर शेवाळ धरले आणि मासे दिसेनासे झाले. मी घाईने तारेच्या घासणीने घासले. पेटी ॲक्रिलिकची, काचेहून पुष्कळ मऊ; ओरखडे कायमचे उमटले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची बाजूला सरकवून घेतली.

मग रीत बदलली. खिडकीला जाड पडदा लावला, पेटीचा दिवा आठ तासांवर आणला. मऊ स्पंज याच कामासाठी वेगळा ठेवला. त्याला साबण लावायचा नाही. स्पंजात वाळूचा कण अडकला तरी रेघ उठते, म्हणून तो वारंवार धुवायचा आणि तळाच्या वाळूपासून दोन बोटे वरच थांबायचे. चिवट डाग एका दिवसात काढण्याचा हट्ट धरायचा नाही. काचेच्या पेटीला जुने प्लास्टिकचे कार्डही चालते.

वृद्धांची त्वचा पातळ असते आणि पेटीतल्या पाण्यातले जंतू लहानशा जखमेतूनही शिरू शकतात. म्हणून हातमोजा हवाच.

आता वडील रोज थोडा भाग स्वतः पुसतात. त्यांच्या हातात पूर्वीचा जोर नाही. पेटीला तोच हात मानवला आहे.