घटिकापात्र

तापातून उठल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा जाड कादंबऱ्याच बऱ्या वाटतात. परवा थोरल्या माधवरावांच्या काळातली एक वाचत होते. सन १७७२, थेऊर. राजयक्ष्म्यानं खंगलेले पेशवे, चिंतामणीचं सान्निध्य, बाहेर खोळंबलेले कारभारी. आणि वैद्य म्हणतात, ‘पाच मिनिटं थांबा.’ तिथेच माझं वाचन तुटलं.

त्या काळी वेळ मोजायला घटिकापात्र असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटं. दिवसरात्रीत अशा ६० घटिका. थेंबाथेंबानं जड होत जाणारी ती वाटी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आजारपणातली दुपार अशीच भरत जाते. हे सगळं हाताशी असताना लेखकानं ते सोडून द्यावं, याचं फार वाईट वाटलं. दाराबाहेर ताटकळणाऱ्यांची घालमेल त्या वाटीतूनच कळली असती.

पेशवे आजच्या मराठीत बोलतात, ते मात्र मला चालतं. का चालतं, नीट सांगता येत नाही. वस्तूंचं सोपं असतं: आगकाडी १८२७ सालची, म्हणजे माधवरावांच्या काळात ती नको, हे शोधता येतं. पण सत्तावीस वर्षांच्या, मरण समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? सती जायचं ठरवलेल्या त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या मनात? ते आपल्यासारखं होतं की अगदी निराळं, हे कुठल्या दप्तरात तपासायचं?