जू उतरवण्याचा दिवस

श्रावण सरत येतो तेव्हा मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावच्या शिवारात कामाचा जोर आपसूक ओसरतो. मृगात पेरलेल्या सोयाबीननं एव्हाना दोन ओळींमधली जागा बुजवून टाकलेली असते. डवरा आत शिरू शकत नाही, निंदणही संपलेलं असतं. शेंगा भरायचं काम आता पिकाचं आणि आभाळाचं. माणसानं कितीही घाई केली तरी त्यात एका दाण्याची भर पडत नाही. नेमक्या याच दिवसांत, पिठोरी अमावस्येला, पोळा येतो.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. जुवाखाली राहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्याला देतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, तोरणाखालून मिरवणूक आणि घरोघरी औक्षण, पुरणपोळी. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही. बैलाला सुट्टी दिली की तो उद्या जास्त ओढेल का, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "उद्याचं काय त्यात? त्यानं वर्षभर वढलं, आजचा दिस त्याचा हाये."

विश्रांतीबद्दल याहून खरं काही मी नंतर ऐकलं नाही. हा दिवस बैलाला बक्षीस म्हणून मिळत नाही आणि पुढच्या कामासाठी त्याला तयार करण्याकरताही मिळत नाही. ते देणं आहे, आणि ते फेडताना माणूस बैलाच्या पायांवर पाणी घालतो.

आता आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं-मुली पुण्यात, हिंजवडी-खराडीत नोकरीला आहेत. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं, पावलं मोजतं. किती पुस्तकं वाचली, किती नवी कौशल्यं शिकली, याच्या याद्या असतात. सुट्टी घ्या, म्हणजे ताजेतवाने होऊन अधिक चांगलं काम कराल, असं त्यांना सांगितलं जातं. सल्ला प्रेमाचा वाटतो, पण त्यात सुट्टीसुद्धा कामाच्याच खात्यात जमा होते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी पोलाद कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजायला लावल्या आणि १९११ साली त्या पद्धतीचं पुस्तक लिहिलं. ते घड्याळ निदान कारखान्याच्या दारात थांबत होतं. कामगार घरी गेला की त्याची मुलं, त्याची भाकरी, त्याचं गाणं मोजायला कुणी येत नव्हतं. आज आपण स्वतःच ते उशाशी घेऊन झोपतो. रिकाम्या बसलेल्या तासाची लाज वाटायला लागते, आणि आईशी फोनवर बोलतानाही हात दुसरं काही उरकत असतो.

आमच्या मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. नागपूरहून मुंबईकडे आता आठ तासांत पोचता येतं. रुग्ण वेळेत दवाखान्यात जातो, भाजीपाला ताजा पोचतो. हे सगळं मोलाचं आहे. पण वाचलेले तास गेले कुठे? ते घरी बसून जेवण्यात, म्हाताऱ्या बापाजवळ बसण्यात गेले असते तर तो वेग कारणी लागला असता. बहुतेक वेळा ते आणखी एका मीटिंगच्या पोटात जातात.

त्याच मेहकरात दर पावसाळ्यात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना येते. जाऊन-येऊन ही वाट हजार किलोमीटरांहून मोठी आहे आणि वारकरी ती पायी चालतात. एस.टी.नं एका रात्रीत होणाऱ्या प्रवासाला ते महिन्याहून अधिक काळ देतात. वारीला निघालेला शेतकरी आपला हंगाम विसरलेला नसतो. मागे शेत आहे, कर्ज आहे, पावसाची काळजी आहे. तरीही काही पावलं कुठल्याच हिशेबात धरायची नाहीत, हे त्यानं ठरवलेलं असतं. सोबत चालणाऱ्याच्या पायाला फोड आला तर सगळ्यांनी थोडं हळू चालायचं. जे खरोखर महत्त्वाचं आहे ते याच गतीनं हाती येतं.

मात्र थांबणं नुसतं मनावर घेऊन जमतं असं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, निवेदनं दिली. रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि कष्टकऱ्याला स्वतःसाठी, समाजासाठी एक दिवस हवा, ही त्यांची मांडणी होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या रविवारी आपण लॅपटॉप उघडतो, त्या रविवारामागे ही माणसं उभी आहेत. २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं तेव्हा देशभर वाद झाला. मला तेव्हा महालक्ष्मीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या त्या दोघी आठवल्या.

त्या दोघींमुळेच मला पोळ्याकडे पुन्हा बघावंसं वाटतं. बैल त्या दिवशी मोकळा असतो, गडी मोकळा असतो. घरातली बाई मात्र पहाटेपासून डाळ शिजवते, पुरण वाटते, शेवटची पोळी थंड झाल्यावर जेवते. महिन्या-दीड महिन्यात सोंगणी लागते. ती बहुतेक उक्ती असते, एकराच्या भावानं. जितकं भराभर सोंगाल तितकी मजुरी, म्हणून बाया पाणी प्यायलासुद्धा धुऱ्यावर येत नाहीत. उत्पादकतेचा ध्यास सोडून द्या, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्याच्या पगाराला धक्का लागत नाही त्यालाच तो सोडता येतो. म्हणून थांबण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर दुसऱ्याला थांबू देण्याची जबाबदारीही येते.

येत्या पोळ्याला पुरण घरातल्या मुलांनी वाटावं, पुरुषांनी पोळ्या लाटाव्यात. सोंगणीचा भाव ठरवताना बाईच्या दुपारच्या तासाभराच्या विसाव्याचे पैसे त्यात धरावेत. पुण्यातल्या लेकरानं रविवारी फोन बंद ठेवावा आणि हाताखालच्या कुणालाही त्या दिवशी निरोप पाठवू नये. या गोष्टींनी कुणाचं उत्पन्न वाढणार नाही, आणि वाढावं म्हणून त्या करायच्याही नाहीत. बैलाच्या खांद्याचे घट्टे ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आता तेवढ्याच मायेनं माणसांचे घट्टे ओळखायला हवेत, आधी घरातल्यांचे, मग शेतातल्यांचे, आणि स्वतःचेही.