कान असलेली मुलं

आमच्या कांजूरमार्गला फास्ट लोकल थांबत नाही, नुसती धडधडत निघून जाते. वर्गात एक आठवीतला मुलगा आहे. तो डोळे मिटून सांगतो, "बाई, ही फास्ट," "ही मालगाडी." आईच्या मोबाईलमध्ये त्यानं पत्र्यावरचा पाऊस, कुकरच्या शिट्ट्या, एलबीएस मार्गावरची भांडणं असं काय काय साठवून ठेवलंय. पालकसभेत त्याची आई म्हणाली, "बाई, अभ्यास सोडून हे आवाज गोळा करत बसतो. यानं पोट भरणार आहे का?"

प्रश्न खरा आहे. घरभाडं भरणाऱ्या आईला "छंद जोपासू द्या" एवढंच सांगून कसं चालेल? म्हणून मी तिला रसूल पुकुट्टी यांच्याबद्दल सांगितलं.

केरळात कोल्लम जिल्ह्यातलं विळक्कुपारा हे त्यांचं गाव. वडील खासगी बसमध्ये कंडक्टर, घरात आठ भावंडं, रसूल सर्वांत धाकटे. गावात वीज नव्हती, अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर. शाळेला काही किलोमीटर चालत जायचं. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ध्वनीचं शिक्षण घेतलं, 1995 साली बाहेर पडले आणि मुंबईत आले. 2005 च्या 'ब्लॅक'नं नाव झालं. मग 'स्लमडॉग मिलियनेअर' आला, आपल्याच मुंबईच्या गल्ल्यांत आणि स्टेशनांवर चित्रित झालेला. त्याच्या ध्वनिमिश्रणासाठी 2009 मध्ये इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ज्या गोंगाटाला आपण कंटाळतो, त्यातूनच ते काम उभं राहिलं!

ऑस्कर एखाद्यालाच मिळतं, हेही मी त्या माऊलीला सांगितलं. पण ऑस्करच्या अलीकडे केवढं काम असतं बघा. आपल्याकडे कित्येक वर्षं चित्रीकरण झाल्यावर नट स्टुडिओत जाऊन संवाद पुन्हा बोलायचे. 'लगान'मध्ये (2001) संवाद चित्रीकरणाच्या जागीच घेतले. ते काम नकुल कामटे यांचं, एच. श्रीधर यांच्यासोबत त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिवाय पडद्यावर पात्र चालतं तेव्हा पावलांचा आवाज बऱ्याचदा स्टुडिओत कुणीतरी वेगळा काढलेला असतो. वाळूवर, फरशीवर, चपला बदलून बदलून! मुलांना हे सांगितलं की ती दिवसभर तेच करतात, आणि शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन बघून जातात.

या कामात पगार ठरलेला नसतो, रात्रीची जागरणं असतात. पालकांनी हे आधीच ऐकून ठेवावं. आणि कान कितीही चांगला असला तरी भौतिकशास्त्र टाळता येत नाही. नववीच्या विज्ञानातला 'ध्वनीचा अभ्यास' हा धडा आपण परीक्षेपुरता उरकतो. 20 ते 20,000 हर्ट्झ, घोका आणि पुढे चला. वारंवारता म्हणजे काय, हे या मुलाला मालगाडी आणि शिट्टीवरून दोन मिनिटांत समजलं. गणितात मात्र तो कच्चा आहे, तिथे बसावंच लागेल.

सध्या मी शनिवारी वर्गात पाच मिनिटं खिडक्या उघड्या ठेवते. कुणी बोलायचं नाही, ऐकू येईल ते वहीत लिहायचं. गेल्या वेळी बहुतेकांनी हॉर्न, गाडी, कावळा लिहिलं. त्यानं लिहिलं होतं : 'पंखा. तिसरं पातं घासतंय.'

शिपाईकाकांनी शिडी लावून पाहिलं. घासत होतं.