घंगाळ, गंगाळ आणि बेसिन

जुनं घर दुरुस्तीला काढलं की पै-पाहुण्यांचे सल्ले सुरू होतात. स्वयंपाकघर कसं असावं, हे प्रत्येकाला सांगायचं असतं. देवघराची दिशा तर विचारूच नका. न्हाणीघराबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ‘त्यात काय, टाइल्स लावल्या की झालं,’ असं म्हणून विषय संपतो. आमच्याकडं नेमकं उलट झालं. शहापुरातल्या आमच्या घराची न्हाणी नवी करायची ठरली आणि सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती एका बेसिनवरून. तब्बल दीड महिना!

शहापूर म्हणजे एकेकाळचा सांगली संस्थानातला भाग. तिथली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आमचं घर वेगळं सांगायला नको. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परडं आणि परड्यात विहीर. परड्याच्या दाराला लागून न्हाणी. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात चुलाण, चुलाणावर तांब्याचा हंडा आणि शेजारी घंगाळ. हंड्यातलं कढत पाणी घंगाळात ओतायचं, विसण घालायचं आणि तांब्यानं अंगावर घ्यायचं. बेसिन नावाची वस्तू या घरात कधी नव्हतीच. तोंड धुवायचं ते खाली बसून.

तशी अडचणही नव्हती. पण सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांनी संप पुकारला आहे. ‘उकिडवं बसणं बंद,’ असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून सकाळी कुणीतरी त्यांच्यासमोर बादली धरायची, त्या खुर्चीवर बसून तोंड धुणार. आयुष्यभर चार वाजता उठून साऱ्या घराचं पाणी तापवलेल्या बाईला हे किती जड जात असेल, ते दिसत होतं. त्या बोलत नव्हत्या एवढंच. म्हणून न्हाणी दुरुस्त करायची आणि बेसिन बसवायचं.

आमच्या घराची भाषा कुठली, हे सांगणं जरा कठीण आहे. माझं माहेर बेळगावातच, पक्कं मराठी. मी कॉलेजात शिकवते तेही मराठीच. सासरे मराठी बोलत. सासूबाईंचं माहेर बैलहोंगलकडचं, म्हणून त्या मुलांशी, सुनेशी, गाईशी आणि देवाशी कन्नडमधूनच बोलतात. माझे यजमान आईला ‘अव्वा’ म्हणतात, मी ‘अत्ती’ म्हणते. मुलं दोन्ही भाषांत एकच असलेली ‘आज्जी’ वापरून मोकळी होतात.

या दुहेरी भाषेचा पहिला हिसका अत्तींना न्हाणीतच बसला होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माझ्या आजेसासूबाईंनी सांगितलं, ‘मोरीत जाऊन पाय धू, घंगाळात पाणी काढलंय.’ आता कन्नडमधे मोरी म्हणजे गटार. आणि त्यांच्या माहेरी गंगाळ म्हणजे जेवायचं ताट! गटारात जाऊन ताटातल्या पाण्यानं पाय धुवायचे, ही कुठली रीत, म्हणून ती अठरा वर्षांची नवरी परड्याच्या दारात तशीच उभी राहिली. हा किस्सा सांगताना अत्ती आजही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. ‘बच्चल’ म्हणाले असते तर लगेच गेले असते, असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे हीच न्हाणी आता इंजिनिअरिंगच्या पुस्तकात जाऊन बसली आहे. बाथरूमच्या फरशीतून पाणी जायला जी जाळी आणि तिच्याखाली वाकडं भांडं बसवतात, त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या वाकड्या भागात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटारातला वास नि झुरळं वर येत नाहीत. जुन्या मोरीला हे नसायचं. नुसतं भिंतीला भोक आणि त्यात कोंबलेला फडक्याचा बोळा! तेव्हा जुनं ते सगळंच सोनं, असं म्हणायचं कारण नाही. बेसिनखाली जो बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्याचं कामही हेच.

तर बेसिन. खडेबाजाराच्या बाजूला एका दुकानात आम्ही चौघं गेलो. बेसिनचे इतके प्रकार असतात हे मला नव्यानंच कळलं. खाली खांब असलेलं, भिंतीला टांगलेलं, दगडाच्या कट्ट्यात खालून बसवलेलं आणि कट्ट्यावर वाडगा ठेवावा तसं ठेवलेलं. चिनी मातीचं, स्टीलचं, दगडाचं, तांब्याचं. आमच्या घराला ‘पारंपरिक’ काय शोभेल, यावर दुकानदारानं छोटंसं व्याख्यानच दिलं.

खांबाचं बेसिन दिसायला जुन्या बंगल्यांतल्यासारखं, आणि पाइपही झाकतं. पण खांबामुळं पुढं स्टूल घेऊन बसता येत नाही, पाय आपटतात. कट्ट्यावरचा वाडगा फारच देखणा. पण त्याची कड कट्ट्याच्या वर पाच-सहा इंच येते. कट्टा नेहमीच्या उंचीला बांधला तर बुटक्या माणसाला कोपरं वर करून तोंड धुवावं लागतं आणि पाणी मनगटावरून थेट बाहीत शिरतं. दगडाचं बेसिन मुलाला आवडलं. पण कडप्पा काय किंवा आपल्या कलबुर्गीकडची शहाबादी काय, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यांना आम्ल सोसत नाही. लिंबू सांडलं किंवा बाथरूम धुवायचं ॲसिड उडालं की चकाकी गेलीच. ग्रॅनाइटला तो त्रास नाही. आणि काळं बेसिन कितीही छान दिसलं तरी बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी असेल तर त्यावर पांढरे डाग असे उठतात की रोज पुसायला माणूस ठेवावा.

पाण्याचा विचारही करावाच लागतो. बेळगावला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. २००८ मधे शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! आमच्या गल्लीत मात्र पाण्याची पाळी असते. पाळी चुकली की विहीर आहेच. म्हणजे नळ कोरडा असतानाही तांब्यानं पाणी घेऊन तोंड धुता येईल इतकं खोल बेसिन हवं. उथळ बशीसारखी नव्या फॅशनची बेसिनं त्यामुळं आपोआप बाद झाली.

राहिलं तांब्याचं. त्याची किंमत ऐकून यजमानांनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मुलगा म्हणाला, ‘अगं, आपल्याकडं आज्जीचं घंगाळ आहे की! त्याचंच करूया.’ त्यानं फोनवर गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलातले फोटोही दाखवले. जुनं घंगाळ लाकडी फळीवर ठेवलेलं, वर पितळी नळ, मागं जांभ्याची भिंत. खरंच सुंदर दिसत होतं. प्लंबर तर तयारच होता. ‘म्याडम, बुडाला सव्वा इंची होल मारतो, कपलिंग बसवतो, संपलं. अर्ध्या तासाचं काम हाय.’

मलाही ती कल्पना पटण्यासारखी वाटली. घरातली वस्तू घरातच राहणार, पैसे वाचणार, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांच्याच भांड्यात त्या तोंड धुणार. अत्तींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘निम्म मनी, निम्म इष्ट.’

ज्यांच्या घरात कन्नड बोलणाऱ्या सासूबाई आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. मराठीत ‘तुमचं घर, तुमची मर्जी’ असं म्हणतात तेव्हाही तो होकार नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंगाळ सोप्यावर आणून ठेवलं होतं. प्लंबर माप घेऊन गेला होता. अत्ती खुर्ची सरकवून त्याच्याजवळ बसल्या आणि कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘एन बरदार नोडवा.’ मी चष्मा लावून पाहिलं. कडीच्या खाली, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली कन्नड अक्षरं होती. इतकी वर्षं चिंच आणि राख लावून घासल्यामुळं पुसट झालेली. मी शाळेत शिकलेल्या कन्नडच्या आधारावर हळूहळू वाचलं. त्यांच्या आईचं नाव, गावाचं नाव आणि १९६५. त्यांना ते पाठच होतं. मी ते वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मग त्यांनी हिशेब सांगितला. या घंगाळातलं पाणी पहिल्यांदा थोरल्या वन्संच्या वेळी काढलं. मग माझ्या यजमानांच्या वेळी, धाकट्या वन्संच्या वेळी. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली तरी सव्वा महिन्यानं मी घरी आले तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला हेच होतं. सासरे गेले त्या दिवशी त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीही यातच काढलं होतं. हे सगळं त्यांनी भाजीचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, ‘हंगाद्र मुंदिन बाणंतनक्क एन माडतीरी?’

पुढचं बाळंतपण! माझी मुलगी पुण्यात शिकते. तिच्या लग्नाचा विषय काढला तर ती फोन ठेवून देते. पण अत्तींच्या मनात तिचं बाळंतपण, तिच्या बाळाची पहिली आंघोळ आणि ते घंगाळ असं सगळं जागच्या जागी मांडून ठेवलेलं होतं.

त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. आम्ही सगळे ते घंगाळ ‘जुनी वस्तू’ म्हणून बघत होतो. जपायची, मांडायची, पाहुण्यांना दाखवायची. अत्तींना ते जुनं वाटतच नव्हतं. त्यांच्या लेखी ते कामातलं भांडं होतं आणि त्याचं काम अजून संपलेलं नव्हतं. एकदा बुडाला भोक पडलं की ते कायमचं बेसिन होणार. त्यात पुन्हा कधीच पाणी साठणार नाही. शोभा वाढली असती, पण भांडं गेलं असतं. परंपरा जपायची म्हणून आपण पुष्कळदा हेच करतो, असं मला वाटतं. जात्याचा टीपॉय होतो, पाळण्याची झाडं ठेवायची कुंडी होते. वापर उरलाच नसेल तर तेही चांगलंच, अडगळीत गंजण्यापेक्षा बरं. पण वापर शिल्लक आहे की नाही, हे ठरवायचं कुणी? ज्यांनी ती वस्तू वापरली त्यांना आधी विचारायला हवं, आणि ‘निम्म इष्ट’ या उत्तरावर थांबू नये.

व्यवहाराच्या बाजूनंही घंगाळ बेसिनला फारसं सोयीचं नव्हतं. त्याचं बूड सपाट. उतार नसल्यानं पाणी पूर्ण जात नाही, साबणाचा थर साचतो. टूथपेस्टचे आणि साबणाचे थेंब पडून तांबं रोज काळवंडणार, ओल राहिली की हिरवं पडणार. ते घासायला पुन्हा चिंच घेऊन कोण बसणार? हे सगळं मुलाला समजावलं. त्यालाही पटलं. प्लंबरला मात्र पटलं नाही. ‘मस्त दिसलं असतं ओ,’ असं म्हणत त्यानं ड्रिल पिशवीत टाकलं.

शेवटी आम्ही आणलं ते साधं पांढरं चिनी मातीचं बेसिन. ग्रॅनाइटच्या फळीत खालून बसवलेलं, त्यामुळं वर कड नाही. उंची ठरवायला पुस्तक पाहिलं नाही. बेसिनची कड साधारण बत्तीस-तेहतीस इंचांवर ठेवतात. आम्ही अत्तींना स्टुलावर बसवलं, तोंड धुतल्यासारखे हात करायला सांगितले आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली. ती आली तीस इंचांवर. खाली जागा मोकळी ठेवली, म्हणजे स्टूल आत सरकतं. नळ पितळी रंगाचा घेतला, पण फुलासारख्या फिरवायच्या चावीचा नाही. संधिवाताच्या बोटांना ती फिरत नाही. मनगटानं ढकलला तरी सुरू होईल असा लांब दांड्याचा घेतला. बाजूला भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी. फरशी खरखरीत. भिंतीला अर्ध्यापर्यंत जुनीच शहाबादी पुन्हा घासून लावली आणि चुलाणाचा कोपरा तसाच ठेवला.

घंगाळ त्या कोपऱ्यात आहे. पालथं नाही, उताणं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यात पाणी काढलं होतं. मुलगी आली होती. आज्जीनं तिला उटणं लावता लावता बाळंतपणाची गोष्ट काढलीच. ती रागावली आणि हसलीसुद्धा.

बेसिन बसलं त्या सकाळी अत्ती उठून एकट्याच न्हाणीत गेल्या. आम्ही सगळे आपापल्या खोलीत कान देऊन होतो. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. पदरानं तोंड पुसत त्या बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘चलो आत.’ त्या दिवसापासून बादली धरायचं कुणाचंच काम उरलं नाही.

तुमच्याकडं न्हाणीचं काम निघणार असेल तर बेसिनचा रंग, आकार, किंमत जरूर बघा. पण आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला स्टुलावर बसवा आणि भिंतीवर खडूची रेघ मारून घ्या. दुकानात त्यानंतर जा.