मुल्किया
भाचा दुबईत नोकरीला आहे. पहिली मोटारसायकल घ्यायची ठरली, तेव्हा कळले की तिथे राहायला गेल्यावर भंडाऱ्याचे लायसन्स चालत नाही. मोटारसायकलची परीक्षा वेगळी. एमिरेट्स आयडी, विमा आणि गाडीची तपासणी झाल्यावरच नोंदणी होते. त्या कार्डाला 'मुल्किया' म्हणतात; आपल्या 'मालकी' शब्दाचे मूळ तेच अरबी.

"मामू, मोठी गाडी हप्त्यावर मिळतेय."

"व्याज किती, बेटा?"

तो गप्प झाला. बँकेने व्याजाने दिलेली गाडी कर्ज फिटेपर्यंत गहाणच असते. चार महिने त्याने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि जुनी, लहान गाडी रोखीने घेतली. अल्हम्दुलिल्लाह, मुल्कियावर नाव आहे ते फक्त त्याचे.