नागापूरची शेंगोळी

मला जायचं होतं कोपरगावला, राघोबादादांचा वाडा बघायला. पुण्यात आयुष्य गेलेल्या बाईला शनिवारवाडा पाठ असतो. पण ज्याच्या नावानं आम्ही अजून बोटं मोडतो तो माणूस १७८३ साली गोदावरीकाठी कोपरगावात गेला, ती जागा मी कधी पाहिली नव्हती. जाऊन आले. वाड्याबद्दल माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी भरपूर लिहून ठेवलंय, त्यांचं वाचावं. मला सांगायचंय ते नागापूरबद्दल. तिथं मी उतरणारसुद्धा नव्हते.

नगर ओलांडून मनमाडच्या रस्त्याला लागलं की सीनेवरचा पूल येतो, पुलापलीकडे नागापूर. पुढं लगेच एमआयडीसी. मला एमआयडीसीची गावं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पत्र्याच्या शेडा, कामगारांना भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या खोल्यांच्या लांबलचक ओळी, मोबाइलची दुकानं, आणि गावाचं गावपण शोधायला गेलं तर मारुतीच्या देवळापाशी उरलेलं मूठभर. त्यात हा रस्ता. नगर-मनमाड रस्त्यावरून वर्षानुवर्षं जाणाऱ्यांना खड्ड्यांचं वेगळं वर्णन नको.

भाद्रपदातली संध्याकाळ, पावसाची झिमझिम, आणि पूल ओलांडल्यावर एसटी जी थांबली ती थांबलीच. पुढं कुठला तरी कंटेनर आडवा झालाय, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं दोन ट्रक. अर्ध्या गाडीनं शिर्डीच्या बाबांचं नाव घेतलं, उरलेल्या अर्ध्यानं सरकारचं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तेव्हा मला कळलं की माझी खरी अडचण वेगळीच आहे.

प्रवासवर्णनं लिहिणारे पुरुष ही गोष्ट लिहीत नाहीत, कारण त्यांना झाडाचा आडोसा पुरतो. साठी उलटलेल्या, पुण्यापासून दोन कप चहा प्यालेल्या बाईला पुरत नाही. आम्ही बायका प्रवासाला निघताना पाणी कमी पितो, घसा कोरडा ठेवतो, डोकं दुखवून घेतो. त्या दिवशी तेही माझ्याकडून झालं नव्हतं. कंडक्टरला म्हटलं, जरा जाऊन येते. तो म्हणाला, "जावा, गाडी काय पळत न्हाय." रस्त्याकडेच्या एका हॉटेलातली ती सोय मी दारातूनच पाहिली आणि परत फिरले. मग एका बोळात शिरले. खोल्यांची ओळ, दारात चपलांचे ढीग, दोरीवर कंपनीचे निळे शर्ट. उघड्या दारात एक तिशी-पस्तिशीची बाई परातीत पीठ मळत बसली होती.

"कुणाला हुडकताय मावशी?"

मी म्हटलं, कुणाला नाही. पुढं काय बोलावं सुचेना. तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, पिठाचे हात वर धरले आणि कोपरानंच दाखवलं, "त्या कडंला. बादली भरलेली हाय. कडी लागत न्हाय, मी उभी राहते."

आणि खरंच येऊन उभी राहिली, बाहेर, पिठाचे हात तसेच वर धरून. परक्या माणसानं माझ्यासाठी केलेल्या गोष्टींची यादी करायची झाली तर त्या उभं राहण्याचा नंबर बराच वर लागेल.

बाहेर आल्यावर आभार मानून सटकायचा माझा बेत होता. मला कुणाचं काही घ्यायला जड जातं. घेतलं की फेडेपर्यंत झोप लागत नाही. पण ती म्हणाली, "बसा. गाडी सुटली का न्हाय ते पोरगं बघून येतंय." आणि आत बघून ओरडली, "ए, जा रं, आजीची गाडी बघ. लाल कोपरगाव." आठवी-नववीतला एक मुलगा मोबाइल ठेवून बाहेर पळाला. आईला मावशी, लेकाला आजी. एका दारात माझं वय दोनदा वाढलं.

मी पलंगाच्या कडेवर टेकले. तिनं तांब्या पुढं केला. "प्या बिनघोर. मुळेचं हाय, गाळलेलं." आता पाणी पिणं म्हणजे पुन्हा तीच अडचण ओढवून घेणं, पण प्यायले, आणि पिताना डोकं भलतीकडंच गेलं. दाराबाहेर वाहणारी सीना इथून खाली सोलापूरकडं जाऊन भीमेला मिळते. मुळा मात्र राहुरीच्या बाजूची, ती प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला. नगरचं पाणी मुळा धरणातून विळदवरून उपसून आणतात. म्हणजे हा तांब्या गोदावरीच्या खोऱ्यातून चढ चढून भीमेच्या खोऱ्यात आला होता. हे मी तिला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, पण एकाआडएक दिवस येतंय."

परातीतलं पीठ हुलग्याचं होतं. लसूण, हिरवी मिरची आणि जिरं जाडसर वाटून त्यात घातलेलं, वास दारापर्यंत येत होता. तेलाचा हात लावून ती गोळा तोडायची, पोळपाटावर दोन तळव्यांखाली फिरवून लांब वळी करायची, टोकाला टोक दाबलं की कडं तयार. बांगडीच्या दुकानात मांडतात तशी ताटलीत एकावर एक रचत होती. शेजारी गॅसवर फोडणीचं पाणी उकळत होतं, त्यात एकेक कडं सोडलं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं खरवडून तेही वर ओतलं. "ह्यानं रस दाट होतोय," म्हणाली.

शेंगोळी मी पुण्यात खाल्ली आहेत. आमच्याकडं ती जाड होतात आणि मध्ये कच्ची राहतात, कारण आम्ही घाई करतो. ही बाई घाई करत नव्हती. मध्येच मुलगा आला, "पंपापाशीच हाय गाडी, टायरबी हललं न्हाय," आणि पुन्हा गेला. मग त्यानं मोटारसायकल काढली. त्याचं वय बघता मी काही बोलायला हवं होतं. पाहुणी होते म्हणून गप्प बसले.

तिचं सासर पाथर्डी तालुक्यातलं. सासू-सासरे दर साल ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, कोयता घेऊन. नवरा तसा गेला नाही, इथं कंपनीत लागला. आत्ता सेकंड शिफ्ट, अकराला येणार. ओळीत कुणी बीडचं, कुणी शेवगावचं, कोपऱ्यातल्या खोलीत बिहारची चार पोरं. मूळचं नागापूरकर एकही नाही. मी विचारलं, असं कुणालाही घरात घेता, भीती नाही वाटत? तिनं डोळे बारीक करून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची?"

ताट पुढं आलं. बाजरीची भाकरी, खोलगट ताटलीत शेंगोळी, वरून कच्च्या तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा. मी म्हटलं, थोडंच द्या. तिनं ते ऐकलं असेल, पण त्याचा ताटावर काही परिणाम झाला नाही. तिखट असं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हुलग्याचा तो किंचित तुरट, मातकट स्वाद आणि मागून येणारा लसूण. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मागून घेतलं, हे माझ्या बहिणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

तेवढ्यात मुलगा दारातूनच ओरडला, "आजी, सुटली!"

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. पाऊस वाढला होता. कोपऱ्यातल्या खोलीतल्या बिहारी पोरानं न विचारता कंपनीचा पिवळा रेनकोट माझ्या अंगावर टाकला, "ले जाइए माताजी." माझ्या हातात स्टीलचा डबा आला. मी पर्स उघडायला लागले तशी ती खेकसली, "पैशे काढू नका हां मावशी. डबा परत द्यायला या, म्हंजे झालं." मी त्या अल्पवयीन सारथ्याच्या मागं बसले आणि आम्ही ट्रकांच्या मधून, खड्डे चुकवत, कंपन्यांची गेटं मागं टाकत विळद घाटापाशी लाल कोपरगाव गाठली. पोरानं हॉर्न वाजवून ड्रायव्हरला थांबवलं. मी शंभराची नोट काढली तर तो गाडी मागंच घेऊ लागला. "मम्मी मारंल."

रेनकोट घेऊन तो वळला. कंडक्टरनं दार उघडलं, माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. "मावशी, माहेर हुतं का हितं?"

घाट ओलांडून गाडी शिंगव्याच्या हद्दीतून गेली. एरवी मी झोपले असते. त्या रात्री जागी होते आणि मला धामणे दाम्पत्य आठवलं. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे ह्याच रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस, मनोरुग्ण माणसांना घरून डबे नेऊन द्यायचे. त्यातून १९९८ साली माऊली सेवा प्रतिष्ठान उभं राहिलं. रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण बायकांना आज शिंगव्याला घर आहे, त्यांच्या पोरांसकट. वर्तमानपत्रात हे सगळं वाचलं होतं आणि अशा बातम्या वाचून आपण करतो तेच केलं होतं, पान उलटलं होतं. सुरुवात डब्यापासून झाली होती, हे मांडीवर गरम डबा असताना नव्यानं कळत होतं.

कोपरगाव, वाडा, गोदावरीचा घाट, एक दिवस शिर्डीची गर्दी चुकवण्यात. शेंगोळी दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर थंडच खाल्ली, जास्त मुरली होती.

परतताना नागापूरला मुद्दाम उतरले. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहत्याला रस्त्याकडेला गाडी थांबली तेव्हा पेरू घेतले होते, चांगले पारखून, घासाघीस करून. खोलीला कुलूप. बिहारी पोरगा रात्रपाळी करून झोपला होता, तो उठला, डबा आणि पेरूंची पिशवी ठेवून घेतली, पाणी दिलं. मी चिठ्ठीवर माझा नंबर लिहून ठेवला.

रात्री पुण्यात घरी पोचते तोच फोन.

"मावशी, पेरू कितीला घेतले?"

मी सांगितलं.

"अगं बया! लुटलं की तुम्हाला. राहत्याला माझा भाऊ हाय, त्याच्या बागेतले फुकट आले असते. आता दिवाळीच्या आत या, आन् येताना काय आणू नका. तुम्हाला बाजार करता येत न्हाय."